गाडीत बसून टिपायचे पक्षी आणि गाडीतून उतरून टिपायची माणसे

वाचकाचे पत्र

मी फोंड्याची रहिवासी, निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बांधावरून चालत जाणे जमत नाही, म्हणून गाडीत बसूनच पक्ष्यांचे आणि रस्त्याकडेच्या दृश्यांचे फोटो काढते. यजमान गाडी चालवतात आणि मी त्यांच्या शेजारी बसते. मुलाने दिलेला साधा डीएसएलआर कॅमेरा आणि ७०–३०० मिमीची लेन्स आहे. परंतु बहुतेक फोटो अस्पष्ट येतात आणि गाडी थांबताच पक्षी उडतो. गेल्या आठवड्यात खंड्या दिसला म्हणून मी ‘थांबा’ असे ओरडले, ह्यांनी ब्रेक दाबला आणि मागचा स्कूटरस्वार थोडक्यात वाचला. तेव्हापासून पक्ष्यांसाठी गाडी काढणार नाही असे ह्यांनी सांगून टाकले आहे. त्यातच माशेलच्या वाटेवर मासळी विकणाऱ्या एका बाईंचा फोटो गाडीच्या काचेतून काढला, तर त्या फार रागावल्या. मोठी लेन्स घ्यावी का? चालत्या गाडीतून दृश्ये टिपता येतात का? की हा नाद सोडून द्यावा? सोबत माझे तीन फोटो पाठवत आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नये. गुडघे साथ देत नाहीत म्हणून गाडीत बसून पक्षी टिपणे ही दुय्यम दर्जाची तडजोड आहे, असे आपल्या पत्रातून जाणवते. तसे ते मुळीच नाही. उभ्या माणसाची आकृती दिसताच ढोकरी किंवा खंड्या ज्या अंतरावरून उडून जातो, त्याच्या कितीतरी आत येऊन उभी राहिलेली गाडी तो चालवून घेतो, कारण रस्त्याकडेच्या पक्ष्यांना वाहनांची सवय झालेली असते आणि गाडीत त्यांना माणसाचे हात, पाय, डोके दिसत नाही. उत्तम चालू शकणारे छायाचित्रकारही याच कारणासाठी गाडीतून उतरत नाहीत. आपल्या पत्रात अस्पष्ट फोटो, उडून जाणारे पक्षी, यजमानांचा राग आणि त्या बाईंचा राग अशी चार दुःखे आहेत, आणि मला ती चारही एकाच सवयीतून आलेली दिसतात. धावत्या गाडीतून जे दिसेल ते दिसल्या क्षणी पकडायचे, ही ती सवय. पक्ष्याच्या मागे गाडी न्यायची नाही. आधी जागा निवडायची, गाडी तिथे लावायची आणि पक्षी आपल्याजवळ येईपर्यंत बसून राहायचे, एवढा बदल आपण दोघांनी केला तर बाकीचे बरेचसे आपोआप सुटेल.

सर्वांत आधी त्या स्कूटरस्वाराबद्दल लिहितो, कारण त्यापुढे फोटोचे काहीच महत्त्व नाही. यजमानांनी नकार दिला तो रागाने दिला असेल, पण तो योग्यच आहे. आपल्याकडचे रस्ते अरुंद, वळणांचे आणि दुचाकींनी भरलेले आहेत, आणि पुढची गाडी विनाकारण थांबेल अशी कल्पना मागच्याला नसते. म्हणून ‘थांबा’ हा शब्द गाडीत पूर्णपणे बंद करावा. पक्षी दिसला तर ‘डावीकडे, तारेवर’ एवढेच शांतपणे सांगावे, आणि गाडी कुठे थांबवायची, थांबवायची की नाही, हे केवळ चालवणाऱ्याने ठरवावे. थांबण्याजोगी जागा पाचशे मीटर पुढे मिळाली तर तिथून वळून परत यावे. तोवर पक्षी गेला तर जाऊ द्यावा. धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ची मनाई आहे, आणि पक्षी पाहत होतो हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण पणजी–रायबंदर कॉजवे हे आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्हारेसच्या काळात, १६३३–३४ मध्ये बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता पाणथळ जमिनीतून जातो, आणि हिवाळ्यात त्याच्या बाजूच्या पाण्यात शेकाटे आणि बगळे इतके जवळ दिसतात की कॅमेऱ्याकडे हात गेल्याशिवाय राहत नाही. तरीही तिथे गाडी उभी करू नये, कारण रस्ता अरुंद आहे, रहदारी सतत असते आणि कडेला सरकायला जागा नाही. जिथे पक्षी जवळ आहेत पण गाडीला जागा नाही, ती जागा छायाचित्रणाची नव्हे, हा नियम यजमानांना आपण स्वतः होऊन सांगितलात, तर ते पुन्हा गाडी काढतील असे मला वाटते.

मग जागा कोणती निवडावी? आपण फोंड्याच्या आहात, तेव्हा दूर जाण्याची गरज नाही. दुर्भाट, आडपईकडची खाजने, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, आपल्या दाराशी आहेत. बाणस्तारीचा पूल ओलांडून जुने गोवे गाठले की फेरीबोटीने दिवाडीला जाता येते, आणि धक्क्यापासून पिएदादकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जातो. करमळीचे तळे तिथून जवळच आहे. अडई बदके, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी यांच्यासाठी ते फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, परंतु तिथली खारफुटी दाट असल्याने गाडीतून फारसे हाती लागत नाही; त्या बेटावर अभयारण्यापेक्षा बाहेरची शेते आपल्यासाठी अधिक उपयोगी आहेत. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले, राज्यातील अशी ती पहिली पाणथळ जागा. तिकडे एखादी सकाळ अवश्य घालवावी. मात्र महिनाभर रोज नवी जागा शोधण्यापेक्षा एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा जाणे अधिक फलदायी ठरते, कारण कोणत्या खांबावर खंड्या बसतो, कोणत्या मानशीजवळ, म्हणजे खाजनात पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळ, बगळे जमतात आणि कोणत्या वळणावर गाडी सुरक्षितपणे लावता येते, हे तिथे वारंवार गेल्यानेच कळते.

खाजनात जाताना एक गोष्ट कृपया पाळावी. खाजनाचा बांध हा रस्ता नाही. चिखलमाती, पेंढा आणि चिरे यांनी बांधलेला तो बांध खारे पाणी शेतात शिरू देत नाही, आणि तो खचला तर शेकडो लोकांचे पीक जाते. गाडी डांबरी रस्त्यावर, किंवा रस्त्याला लागून असलेल्या पक्क्या जागेतच उभी करावी, शेतात उतरणारी ट्रॅक्टरची वाट अडवू नये, आणि पावसाळ्यानंतर लगेच रस्त्याची कड भुसभुशीत असते हे ध्यानात ठेवून चाके डांबरावरच ठेवावीत.

आता वेळेविषयी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुस्तकांत याविषयी फारसे लिहिलेले नसते आणि गोव्यात मात्र यावरच सारे अवलंबून असते. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, म्हणजे आपण बसता ती डावी खिडकी रस्त्याच्या कडेला असते, आणि पक्षीही त्याच बाजूला जवळ मिळतात. त्यामुळे सकाळी उत्तरेकडे जाणारा रस्ता निवडला तर आपली खिडकी पश्चिमेकडे उघडते, सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्याच्या अंगावर समोरून ऊन पडते. संध्याकाळी हेच उलटे करावे, म्हणजे दक्षिणेकडे जावे. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून डावी खिडकी उत्तरेकडे उघडेल अशा रीतीने, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून जावे. यजमानांना हा हिशेब नकाशावर एकदा दाखवावा. चालवणाऱ्याला आपण कुठे आणि का जात आहोत हे ठाऊक असले की प्रवास त्याचाही होतो.

याला जोडून वारा येतो. शाळेत आपण मुलांना मतलई आणि खारे वारे शिकवले असतील. पहाटे व सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे साधारण पूर्वेकडून वाहतो, आणि दुपारनंतर समुद्राकडून, पश्चिमेकडून. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, आणि जोराच्या वाऱ्यात तारेवर बसतानाही बहुधा तसेच बसतात. म्हणजे आपल्या किनारपट्टीवर सकाळी पक्ष्याचे तोंड पूर्वेकडे असते आणि ऊनही पूर्वेचेच असते. चार वाजल्यानंतर तोंड पश्चिमेकडे आणि ऊनही पश्चिमेचे. दोन्ही वेळी डोळ्यात प्रकाश येतो. हे सहजासहजी मिळणारे वरदान आहे आणि त्यासाठी कोणतीही लेन्स विकत घ्यावी लागत नाही.

तिसरी गोष्ट भरती. तुतवार, चिखले आणि त्यांच्यासारखे स्थलांतरित पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर दूरवर चरतात आणि भरती आली की मिठागरांत, बांधांवर, शेतांच्या उथळ पाण्यात येऊन विसावतात. म्हणजे भरतीच्या वेळी ते आपल्या रस्त्याजवळ येतात. कोकण किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सुमारे सहा, दशमीला साडेसात, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हा ढोबळ अंदाज आहे, नदीत आतवर वेळ पुढेमागे होते आणि मानशीची दारे बंद असलेल्या खाजनात पाणी वेगळेच वागते, म्हणून मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून खात्री करून घ्यावी. तरीही दशमी-एकादशीच्या आसपासची सकाळ ऑक्टोबर ते मार्च या काळात मिठागरांजवळ घालवली, तर ऊन, वारा आणि पाणी तिन्ही एकत्र जुळून येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

जागी पोहोचल्यावर गाडी कशी लावायची हे यजमानांचे कसब आहे. पक्ष्याच्या दिशेने सरळ जाऊन कचकन थांबू नये. बऱ्याच आधीपासून वेग कमी करत, त्याच्या कडेने तिरके सरकत यावे. इंजिन थांबवावेच, कारण त्याची थरथर दरवाजातून लेन्सपर्यंत पोहोचते, परंतु ते गाडी पूर्ण थांबल्यावरच बंद करावे. आवाज होऊ नये म्हणून इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, कारण इंजिन बंद होताच ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते आणि गाडी हाताबाहेर जाऊ शकते. थांबल्यानंतर दहा मिनिटे काहीच करू नये. पहिला पक्षी उडाला असेल तर तो परत येतो, किंवा दुसरा येतो. ढोकरीने मान ताठ केली, चरणे थांबवले, अंग वळवले, शिटले, की ती आता उडणार असे समजावे; अशा वेळी आणखी जवळ सरकणे म्हणजे तिला घालवणेच. पलीकडची, म्हणजे यजमानांच्या बाजूची काच वर ठेवून तिला गडद कापड लावावे. त्या खिडकीतून मागून उजेड आला की आपली आकृती पक्ष्याला स्पष्ट दिसते आणि गाडीत बसण्याचा सारा फायदा जातो. पांढरे किंवा भडक कपडेही टाळावेत.

आता आपले तीन फोटो. ते पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण तिघांचा दोष वेगवेगळा आहे आणि त्यांवर एकच औषध चालणार नाही.

पहिल्यात खंड्या आणि त्यामागचे गवत दोन्ही एकाच दिशेने फराटल्यासारखे झाले आहे. हा कॅमेरा हलल्याचा दोष आहे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने ३०० मिमीची लेन्स साधारण ४५० मिमीसारखे दृश्य देते, म्हणून बसलेल्या पक्ष्यासाठीही शटरचा वेग १/५०० च्या खाली जाऊ देऊ नये. सुरुवातीला १/१००० ठेवावा आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा अधिक. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ८०० ते १६०० पर्यंत निःसंकोच वाढवावा. फोटोतील दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेले चित्र दुरुस्त होत नाही. दुसरा उपाय बीनबॅगचा. जुन्या जीन्सच्या पायाचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी शिवून त्यात दीड-दोन किलो चवळी किंवा मसूर भरावी. आत प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी, नाहीतर आपल्या दमट हवेत धान्याला कीड लागते. थर्माकोलचे मणी फार हलके असतात, त्यावर लेन्स स्थिर राहत नाही. काच पूर्ण खाली घेऊन ही पिशवी दरवाजाच्या कडेवर दोन्ही बाजूंना ओघळेल अशी ठेवावी आणि लेन्स तिच्यात रुतवावी. अर्ध्यावर असलेल्या काचेवर सारा भार टाकू नये, काच उचलणारी यंत्रणा बिघडते. बऱ्याच गाड्यांची मागच्या दाराची काच पूर्ण खाली जात नाही, म्हणून आपण पुढे बसता तेच बरे. मात्र गाडी चालू असताना पट्टा बांधलेला आणि कॅमेरा पिशवीत असावा. एअरबॅग उघडली तर छातीशी धरलेली लेन्स गंभीर इजा करू शकते.

दुसऱ्या फोटोत गवत लख्ख आहे आणि बगळा पुसट. इथे कॅमेऱ्याने चुकीच्या जागी फोकस केला. सर्व बिंदूंचा स्वयंचलित फोकस बंद करून मधला एकच बिंदू निवडावा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा. याच फोटोत बगळ्याची पिसे पांढऱ्या डागासारखी झाली आहेत. कडक उन्हातल्या बगळ्यासाठी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे, आणि उजळ आकाशासमोर बसलेला पाणकावळा किंवा कोतवाल असेल तर तेवढेच वाढवावे.

तिसरा फोटो अकराच्या सुमारास काढलेला आहे असे त्यातील नोंद सांगते, आणि त्यातली टिटवी पाण्याखाली असल्यासारखी वेडीवाकडी दिसते. यात आपला काहीच दोष नाही. तापलेल्या रस्त्यावरून आणि शेतावरून वर जाणारी हवा प्रकाशाची वाट सतत बदलते, आणि तीनशे मिलिमीटरच काय, सहाशेची लेन्सही त्यावर काही करू शकत नाही. उलट लांबून टिपताना ही थरथर अधिकच दिसते. साडेनऊच्या पुढे दूरचे पक्षी टिपू नयेत, आणि गरम बॉनेटवरून तर कधीच नेम धरू नये. एसी चालू ठेवून खिडकी उघडली तरी आतली थंड आणि बाहेरची उष्ण हवा खिडकीशी मिसळून असाच दोष निर्माण होतो. शिवाय एसीत थंड झालेल्या लेन्सवर गोव्याच्या दमट हवेत लगेच बाष्प जमते. म्हणून ठरलेल्या जागेच्या पंधरावीस मिनिटे आधीच एसी बंद करून काचा उघडाव्यात.

मोठ्या लेन्सच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते: आता घेऊ नये. १५०–६०० मिमीची लेन्स सुमारे दोन किलोची असते, गाडीच्या पुढच्या सीटवर ती वळवताना आरसा आणि दरवाजाची चौकट आड येते, आणि आपल्या तीन फोटोंतील तिन्ही दोष तिच्यात अधिक मोठे होऊन दिसतील. आपली लेन्स ३०० वर असताना तिचे छिद्र पूर्ण उघडे ठेवण्याऐवजी एफ/८ च्या आसपास वापरून पाहावी, चित्र अधिक रेखीव येईल. एक मोसम बीनबॅग, भरतीचे गणित आणि सकाळचे पहिले दोन तास यांवर काढावा. त्यानंतरही पक्षी चौकटीत लहानच राहतात असे वाटले, तर पैसे खर्च करायला हरकत नाही.

चालत्या गाडीतून दृश्ये टिपता येतात का, या प्रश्नावर थोडक्यात सांगतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर पुढे जाते, म्हणजे १/५०० सेकंदात दोन सेंटिमीटर. दूरच्या डोंगररांगेसाठी दोन सेंटिमीटर नगण्य आहेत, पण पाच मीटरवरच्या घराच्या बाल्कांवाची, म्हणजे पुढच्या व्हरांड्याची, नक्षी तेवढ्याने नक्कीच पुसली जाते. म्हणून धावत्या गाडीतून फक्त दूरचे, रुंद दृश्य टिपावे, बरोब्बर काटकोनात नव्हे तर थोडे पुढच्या दिशेने तिरके, आणि तेही चालवणाऱ्याने नव्हे. पुढची काच तिरकी आणि वक्र असते, तिच्यातून लांब लेन्स कधीच स्वच्छ चित्र देत नाही. बाजूची काच बंद ठेवावी लागली तर लेन्स तिच्या अगदी जवळ, पण न टेकवता धरावी, आणि पोलरायझर (चमक कमी करणारा) फिल्टर काढून ठेवावा, कारण टफन्ड काचेतील ताणांचे रंगीत डाग त्यातून दिसू लागतात.

परंतु रस्त्याकडेच्या दृश्यांविषयी माझे म्हणणे तंत्रापेक्षा वेगळे आहे, आणि त्या मासळी विकणाऱ्या बाईंपाशी येऊन मला ते स्पष्टपणे मांडले पाहिजे. गाडी आपल्याला लपवते. पक्ष्यापासून लपणे हा त्याच्यावर उपकारच आहे, कारण आपण दिसलो नाही तर तो निर्धास्त चरतो, त्याचे खाणे आणि विश्रांती मोडत नाही. माणसापासून लपणे मात्र त्याचा अपमान आहे. त्या बाई उन्हात बसून पोट भरण्याचे काम करत होत्या. एक गाडी येते, काचेमागून लांब नळी त्यांच्यावर रोखली जाते आणि कोण होते, कशासाठी होते हे कळायच्या आत गाडी निघून जाते, हे त्यांनी का सोसावे? आपले हेतू चांगले होते यात मला शंका नाही, पण ते त्यांना कसे कळणार? पर्यटकांच्या कॅमेऱ्यांनी गोव्यातील माणसे आधीच त्रासली आहेत. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये रहिवाशांना दारांवर छायाचित्रे काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या, आणि पर्रा गावात माडांच्या रस्त्यावर येणाऱ्यांची गर्दी इतकी झाली की २०१९ मध्ये पंचायतीने छायाचित्रणावर शुल्क बसवले. आपण तर इथल्याच आहात. आपल्याकडून निराळ्या वागणुकीची अपेक्षा करण्याचा त्या बाईंना अधिकार होता.

म्हणून माणसाचे चित्र हवे असेल तेव्हा गाडीतून उतरावे. गुडघे दुखत असले तरी दहा पावले चालता येतील एवढ्या जवळ यजमान गाडी नक्की लावतील. आधी मासळी घ्यावी किंवा निदान चौकशी करावी, बाजार कसा आहे, बांगडा कुठला आहे हे विचारावे, आणि मग कोकणीत सरळ ‘फोटो काडूं?’ म्हणावे. नाही म्हटले तर हसून निरोप घ्यावा. हो म्हटले तर लांब लेन्स काढून ठेवावी आणि मोबाइलने किंवा लहान लेन्सने समोर उभे राहून चित्र घ्यावे. तीनशे मिलिमीटरमधून दुरून चोरलेल्या चेहऱ्यापेक्षा समोरून, आपल्याकडे पाहणाऱ्या माणसाचा चेहरा नेहमीच अधिक जिवंत असतो. सायकलवरून येणारा पदेर (पाववाला), शेतात लावणी करणाऱ्या बायका, तावेर्नच्या (दारूच्या गुत्त्याच्या) पायरीवर बसलेले आजोबा, सर्वांना हेच लागू आहे. आणि त्या बाईंकडे एकदा परत जावे. क्षमा मागावी, काढलेला फोटो दाखवावा आणि त्यांच्या देखत पुसून टाकावा, किंवा त्यांना तो आवडला तर कागदावर छापून आणून द्यावा. दोन्ही गोष्टी त्यांच्या इच्छेवर सोडाव्यात.

कायद्याच्या दोन बाबी सांगतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणे हेही येते, म्हणून घरटे दिसले तर तिथे गाडी थांबवूच नये. घार असो वा टिटवी, पालक पक्षी दूर राहिला की पिले उन्हात आणि कावळ्यांच्या तोंडी उघडी पडतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणेही टाळावे. दुसरी बाब दाबोळीची: तो विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्याच्या परिसरात मनाईच्या पाट्या आहेत, आणि तिकडच्या रस्त्यावर घार कितीही सुंदर घिरट्या घालत असली तरी लांब लेन्स बाहेर काढू नये.

राहिला प्रश्न यजमानांचा. त्यांना आजवर या छंदात फक्त आज्ञा मिळाल्या आहेत, काम मिळालेले नाही. मोठ्या लेन्ससाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांच्यासाठी ८×४२ ची एक चांगली दुर्बीण घ्यावी. गाडी उभी राहिली, हँडब्रेक लागला, की त्यांनी दुर्बिणीतून पाहावे आणि कोणता पक्षी कुठे आहे ते आपल्याला सांगावे. ‘दलदल भोवत्या’ हा शिकारी पक्षी शेतावरून येताना आपल्या चौकटीत शिरण्याच्या बऱ्याच आधी त्यांना दिसेल. कोणते पक्षी किती दिसले याची यादी त्यांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवली तर ती अभ्यासकांच्या उपयोगी पडते, आणि रस्ता कोणता, थांबा कोणता हे पुढच्या वेळी तेच आपल्याला सुचवू लागतील. पंचांग काढून येत्या दशमीची तारीख पाहावी, वेळापत्रकावरून त्या सकाळची भरती तपासावी, आणि निघण्याची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी.